सहापर्यंतचा आवाज

बाबा : पुन्हा वाच. मोठ्यानं.

लेक : किती वेळा वाचू, बाबा? "आपल्या देशातील आमच्या सर्व सेवा आज संध्याकाळी सहा वाजता बंद होत आहेत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." एवढंच आहे. खाली कुणाची सहीसुद्धा नाही.

आई : गैरसोय. शब्द निवडणाऱ्याचं कौतुक केलं पाहिजे.

(घशाच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज गेला आहे. ती टॅबवर टाइप करते आणि टॅब ते तिच्याच पूर्वीच्या आवाजात बोलतो.)

बाबा : तू थट्टा करू नकोस गं. आज तरी नको.

आई : मग काय करू? सहापर्यंत आहे, तोवर वापरते.

बाबा : पण आपण काय घोडं मारलंय त्यांचं?

लेक : आपण नाही. दोन सरकारांचं बिनसलंय. तिकडच्या सरकारनं कंपनीला सांगितलं, या देशाला काही द्यायचं नाही. कंपनीनं बटण दाबलं. त्या बटणाखाली एका बाईचा आवाज आहे, हे त्यांच्या गावीही नाही.

बाबा : आवाज हिचा, टॅब आपला, आणि बटण त्यांचं?

लेक : टॅब नुसती खिडकी आहे. आई लिहिते ते तिकडे जातं, त्यांच्या संगणकात तिचा आवाज घेतं आणि परत येतं. आवाज इथे नाहीच.

बाबा : आणि तुमच्या प्रयोगशाळेत? ही तिथे जाऊन महिनोन्महिने वाचत बसायची, डबा घेऊन. ते कुठे गेलं सगळं?

लेक : तुम्हाला माहीत आहे.

बाबा : माहीत आहे. तरी विचारतोय.

लेक : कंपनी आली, म्हणाली, तुमची रेकॉर्डिंग आम्हाला द्या, तुमची भाषा आम्ही फुकटात बोलती करतो. आमचं यंत्र तेव्हा पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं बोलायचं. त्यांचं अगदी माणसासारखं. आम्हाला आनंदच झाला हो! पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. मग वरून प्रश्न आला, फुकट मिळतंय तर यांना पोसायचं कशाला? प्रयोगशाळेला कुलूप. डिस्क पुसून दुसऱ्या खात्याला दिल्या, हजेरीच्या कॅमेऱ्यांसाठी.

आई : भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या. आवाज होतो म्हणून पंखा बंद. मी घामानं निथळत वाचायचे. खिडकीत कबुतर घुमलं की खटपट्या कपाळाला हात लावायचा आणि म्हणायचा, बाई, पुन्हा.

बाबा : खटपट्या म्हणजे तो मिशीवाला?

लेक : हो, आमचा इंजिनिअर. पेट्याबिट्या सगळ्या स्वतः जोडायचा. गेला बिचारा.

आई : टेलिफोन ऑफिसात मी ट्रंक कॉल जोडायचे, तो बोर्ड इथल्याच कारखान्यातला होता. बिघडला की कारखान्यातला माणूस सायकलवरून यायचा. शिव्या द्यायला समोर कुणीतरी असायचं.

लेक : आई, आठवणी नंतर. तासाभराच्या आत काहीतरी करायला हवं. ऐक, टॅब बोलेल तसं मी फोनवर रेकॉर्ड करते. रोज लागणारी वाक्यं. मग नुसतं बटण दाबायचं, वाक्य वाजेल. बोल, "पाणी हवंय."

आई : पाणी हवंय.

लेक : "दुखतंय."

आई : दुखतंय.

लेक : "मला कुशीवर वळव."

आई : मला कुशीवर वळव. अजून माझी मी वळते बरं का.

लेक : पुढे लागेल, आई. "गोळी दे."

बाबा : हे काय चाललंय? जन्मभर ही आता पाणी आणि गोळी एवढंच बोलणार?

लेक : गरजेचं आधी, बाबा!

बाबा : मग माझ्यावर खेकसायचं घे. ते गरजेचं आहे. ओल्या टॉवेलचं.

आई : अहो, ओला टॉवेल गादीवर टाकू नका. किती वेळा सांगायचं?

बाबा : "किती वेळा सांगायचं" वेगळं घे. ते पुष्कळ ठिकाणी चालेल.

लेक : घेतलं.

आई : तू रडतेस. ते रेकॉर्ड होईल. खटपट्या असता तर म्हणाला असता, पुन्हा.

लेक : आई... मला हाक मार ना.

आई : चिमणे.

लेक : अजून एकदा. बाहेरून येते तेव्हा मारतेस तशी.

आई : चिमणे, जेवलीस का?

लेक : घेतलं. बाबा, आता तुमच्यासाठी काय घेऊ?

बाबा : मला काय करायचंय? टॉवेल आहे की.

आई : तुमच्यासाठी वेगळं आहे. जरा लांब आहे. लिहायला वेळ लागेल, मध्ये बडबडू नका.

बाबा : बरं.

लेक : आई, सहा वाजत आलेत. झालं तेवढं ऐकव.

बाबा : लिहू दे तिला. घाई करू नकोस.

लेक : आई, दाब ना आता!

आई : तुम्ही पहिला कॉल लावायला आलात तेव्हा मी विचारलं, नंबर काय. तुम्ही म्हणालात, नंबर विसरलो, पण तुम्ही

बाबा : हं. पुढे?

लेक : बाबा...

बाबा : पुढे काय? अगं, दाब परत. नीट दाबलं गेलं नसेल.

लेक : सहा वाजले, बाबा.

बाबा : असं कसं? वाक्य अर्धं आहे अजून! हे काय पडद्यावर दिसतंय सगळं.

लेक : लिहिलेलं दिसतंय. वाचा ना तुम्ही.

बाबा : मला वाचायचं नाही. मी काय म्हणालो होतो ते मला पाठ आहे. मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

लेक : थांबा, थांबा. बाकीचं तर आहे आपल्याकडे. पाणी, टॉवेल, हाक. सगळं घेतलंय मी. हे बघा...

बाबा : वाजव.

लेक : उघडत नाहीये.

बाबा : म्हणजे?

लेक : "आपल्या देशात ही सेवा उपलब्ध नाही."

बाबा : अगं फोन तुझा आहे! तुझ्या हातात आहे!

लेक : फोन माझा, पण साठवण त्यांची. जागा वाचावी म्हणून फोन सगळं आपोआप तिकडे पाठवतो आणि इथलं पुसतो. रोजचंच आहे हो ते. मीच कधीतरी तसं लावून ठेवलंय. आज बंद करायचं सुचलंच नाही.

बाबा : टॉवेलसुद्धा गेला?

लेक : सगळं.

बाबा : आणि हाक?

लेक : बाबा, नका ना विचारू.

बाबा : लग्नाबिग्नाचे व्हिडिओ असतील ना घरात. त्यात बोलली असेल ही.

लेक : तेही तिकडेच आहेत. आणि असते तरी आवाज बनवायचा कुणी? आमची माणसं पांगली. अर्धी तर त्याच कंपनीत गेली. मी आता मुलांना गणित शिकवते. माझ्या हातातलं गेलं ते सगळं.

बाबा : पाटीवर लिहितेय बघ. "रडू नको. खडू आहे."

लेक : मला खडू नकोय, आई! घरात पाऊल टाकलं की मला... मला काय ऐकू येणार आता?

बाबा : चिमणे, इकडे बस. मी एक सांगतो. हसायचं नाही.

लेक : बोला.

बाबा : ही एका ठिकाणी बोलते अजून. डोळ्यांच्या दवाखान्यात.

लेक : काय बोलताय तुम्ही?

बाबा : नंबर पुकारते. "क्रमांक सतरा, खिडकी दोन, कृपया पुढे या." भिंतीवर पेटी आहे, धूळ खात.

लेक : खटपट्याची पेटी? ती अजून चालू आहे? प्रयोगशाळेतलं आमचं पहिलं काम होतं ते! तिचं सगळं तिच्या पोटातच आहे, बाहेर कुठे जोडलेलीच नाही.

बाबा : म्हणूनच चालू असेल.

लेक : पण तुम्हाला कसं... थांबा. दर मंगळवारी तुम्ही डोळे दाखवायला जाता.

बाबा : डोळ्यांना काय धाड भरलीय माझ्या.

लेक : घरात टॅबवर बोलत होती की ही!

बाबा : टॅबवरची कधी दमायची नाही. पेटीतली दमते. सतरा म्हणताना तिला धाप लागते. आणि मागे कबुतर आहे. तुमच्या मिशीवाल्याच्या नजरेतून सुटलेलं.

लेक : बाबा...

बाबा : बनवता येईल का काही त्यातून?

लेक : नाही. आकडे आहेत आणि चार शब्द. त्यातून आई उभी राहायची नाही.

बाबा : मलाही तसंच वाटलं होतं. आणि ती पेटी काढणार आहेत. नवी यंत्रणा बसवायला भिंतीवर खुणासुद्धा केल्यात. याच कंपनीची.

लेक : मग ती आता यायचीच नाही.

बाबा : नवी यायची नाही. पण जुनी काढायचा हुकूम निघालाय, तो काय थांबतोय? मागितली मी, घरी नेतो म्हटलं. म्हणाले, सरकारी माल आहे, आजोबा, भंगारात जमा होईल.

लेक : कधी काढणार?

बाबा : कुणी धड सांगत नाही. थांब, ही लिहितेय. "मला न्याल का?"

लेक : आई, तिथे जाऊन काय ऐकणार तू? नुसते नंबर?

बाबा : म्हणते, "नोकरीभर तेच तर बोलले."

लेक : मी येते. रजा टाकते उद्या. लवकर निघू, म्हणजे नंबर लवकर लागेल.

बाबा : छे छे. लवकरचा नंबर नाही घ्यायचा. शेवटचा घ्यायचा. तोवर ही बोलत राहते.