चक्कीच्या जागी कॉफीची मशीन

माहेर माझं हिंगणघाटकडचं, बाप जिनिंगात कामाले होता, अन् लग्न होऊन आली ती थेट रायपूरच्या पुरानी बस्तीत. सासरचे लोक इथं पिढ्यांपासूनचे, घरात मराठी पण अर्धी हिंदीच, नणदा मले भाभी म्हणत, शेजारच्या बाया छत्तीसगढीत बोलत, अन् मी समजलं नाही समजलं, सगळ्यायले हव हव करून मान हलवत होती. घराच्या समोरच्या खोलीत पिठाची चक्की होती. त्याच्यावरच घर चाले.

काय सांगू तुमाले, तुम्ही लिहून घेऊन राहिल्या तर हेही लिहा, चक्कीचं काम मले कोणी शिकवलं नाही. दगडाचे पाट गुळगुळीत झाले की टाकी लावा लागते, म्हणजे छिन्नी-हातोडीनं पुन्हा खाचा पाडा लागते, नाही तर पीठ गरम निघते अन् पोळी चिवट होते. एकदा टाकीवाला आला नाही, आमच्या यायले, म्हणजे घरधन्याले, ताप भरलेला, गिऱ्हाइकाचे डबे ओळीनं ठेवलेले. मग मीच बसली पदर खोचून. मधातून कडेकडे, मधातून कडेकडे, दिवसभर ठोकत होती. संध्याकाळी यायनं अंथरुणातून उठून पीठ चिमटीत घेऊन पाहिलं, अन् दुसऱ्या दिवशी टाकीवाल्याले सांगून दिलं का आता नको येऊ. तवापासून ते माझंच काम.

मग छत्तीसगढ वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं. साहेब लोक आले, रस्ते रुंद झाले, आमाले वाटलं आता तर गहू ठेवाले जागा नाही पुरणार. अन् काही वर्षं चाललंही तसंच. पण मग लोक गेले फ्लॅटमध्ये अन् पीठ आलं थैलीतून. शेवटी शेवटी दिवसातून दोन डबे, कधी तेही नाही. पोरगी पुण्याहून फोनवर म्हणे, आई, बेच दो ना अब. मी यायले विचारलं तर हे म्हणाले, विकून टाक. पण टेम्पोत पाट चढवले अन् यायचं तोंड जे बंद झालं ते बंदच. रुसले माणूस. बासष्ट वर्षांचे, अन् लहान पोट्ट्यासारखे रुसले.

चक्की भनपुरीच्या भंगारवाल्याकडे द्याची होती, टेम्पोसोबत मीच गेली. तिथं एका बंद पडलेल्या कॅफेचं सामान येऊन पडलं होतं, खुर्च्या, काचेच्या बरण्या, अन् त्यातच एक काळी मशीन, वरतं डोक्यावर दाणे टाकाचं भांडं, खाली तोटी. मी वरून डोकावून पाहिलं तर आत दात दिसले. बाप्पा, म्हटलं, हे तर पाटच आहेत, वाटीएवढे, लोखंडाचे, पण खाचा तशाच, मधातून कडेकडे. भंगारवाला हसला, अम्मा, ये आटा नहीं पीसेगी. मी म्हटलं, मालूम है. मले काय झालं कोण जाणे, चक्कीच्या हिशेबात ती मशीन धरून घेतली अन् मांडीवर घेऊन घरी आली.

हे पेपर वाचत बसले होते. पेपर खाली केला, पाहिलं, पुन्हा वर केला.

शेजारी पद्मा राहते, विशाखापट्टणमची, शाळेत शिकवते, तिचा नवरा रेल्वेत आहे. तिनं वास घेऊन सांगितलं, आंटी, ये पुरानी कॉफी का तेल है, सड़ गया है. डांबरासारखं चिकटलं होतं सगळं. जाडबारीक करायची वरची कडी तर जागची हलेना. गरम पाण्यात फडकं पिळून तिले गुंडाळलं, थंड झालं की पुन्हा गरम, असं दोन दिवस केलं, मग लाकडाच्या ठोकणीनं बाजूनं हळूहळू मारत गेली तवा कुठं कडी फिरली. दातांवर माझी छिन्नी लावून पाहिली, ती घसरूनच गेली, इतकं कडक पोलाद. म्हणजे पाट नवेच लागतील. पद्मानं मापं घेऊन मोबाइलवरून मागवले.

पण खालचा पाट निघे ना. मधात एक बोल्ट, त्याले पाना लावून मी चार दिवसापासून जीव खाऊन फिरवू राहिली, पाय मशीनले टेकवला, हात लाल झाले, म्हटलं आता तुटतेच हा अन् सगळं गेलं पाण्यात. तवा पेपरामागून आवाज आला.

उलटं फिरव. त्याचे आटे उलटे आहेत.

बाई, बारा दिवसानं आवाज ऐकला मी. माझा पाना तसाच हातात राहिला. मी म्हटलं, तुमाले काय माहीत? तर म्हणे, मोटर ज्या बाजूनं फिरते त्या बाजूनं बोल्ट सुटू नये म्हणून तसा करतेत, आपल्या चक्कीच्या पुलीचा नट विसरली का? अन् मग म्हणे, चार दिवसापासून पाहून राहिलो मी, तू तोडशीन तो. उलटा फिरवला, सुटला. मले हसूही आलं अन् रडूही. मी म्हटलं, चार दिवस गप्प काहून होते मग? तर म्हणे, तू विचारलं का मले?

ते खरंच होतं. चक्की विकाचं विचारलं होतं मी, पण पोरीशी ठरवून झाल्यावर विचारलं होतं. तसं सांगितलं मी त्यायले. ते खुर्ची सरकवून जवळ येऊन बसले.

नवे पाट बसवले तर मोटर नुसती हुं हुं करे, फिरे ना. हे म्हणाले कंडेन्सर गेला, अन् स्वतः शर्ट घालून बाजारात जाऊन घेऊन आले. मशीन सुरू झाली. पद्मानं दाणे आणले, आम्ही हौसेनं दळले ते पार मैद्यासारखे, त्या कॉफीचा एक घोट घेऊन पद्माचं तोंड असं झालं का विचारू नका. मग पाट जरा दूर केले, चिमटीत रव्यासारखं लागलं तवा म्हटलं हव, हे बरोबर.

पद्मानं एका कॅफेवालीले सांगितलं, तिनं दुसरीले, अन् आता त्याच खोलीत कॅफेवाल्या पोरी येतात आपापल्या मशीनी घेऊन. साफ करून द्या, पाट बदलून द्या. हे त्यायले हिंदीत एवढं मोठं भाषण देतेत, मी मधातच म्हणते, अहो, पोरीले दुकान उघडाचं आहे, जाऊ द्या तिले. गुडघे दुखतात माझे, खाली बसलं का उठवत नाही, पण हात बरे आहेत अजून.

अन् खरं सांगू का, मले कॉफी आवडतच नाही. कडू लागते. हे मात्र दोन-दोन कप पितेत अन् मग सांगतेत का झोप येत नाही. तुम्ही घेसान ना? घ्या. सुखी राहा बाई, अन् जे लिहिलं ते यायलेही वाचून दाखवा, नाही तर म्हणतीन, मले विचारलं का.