नऊ वाजताचा निरोप

सर्वांना जय भीम, नमस्कार. प्रज्ञाच्या आई, तुम्हालाही.

मला भाषण जमत नाही. वकिलाच्या घरात वाढलो, पण आमच्या घरातलं सगळं बोलणं वडिलांनीच करून घेतलं. माझ्या वाट्याला कम्प्युटर आला. आणि आज तर शोकसभा. पण एक गोष्ट बोलल्याशिवाय परतवाड्यातून जायचं नाही, असं ठरवून अमरावतीहून निघालोय. मध्ये अडखळलो तर सांभाळून घ्या.

प्रज्ञा नऊ वर्षं आमच्या कंपनीत माझ्याबरोबर होती. हुद्द्यानं मी तिचा साहेब, कामानं ती माझी साहेब. इथे पुष्कळांना वाटतं, ती कम्प्युटर दुरुस्त करायची. तिला हसू यायचं. म्हणायची, "असू द्या न भाऊ, लोक मिक्सरही आणून देतात माह्याकडे." तिचं काम वेगळं होतं. तुम्ही मोबाइलवरून दवाखान्यात नंबर लावता ना? ते सॉफ्टवेअर आमचं, पण ते दवाखान्यात नसतं. दूर कुठेतरी भाड्यानं घेतलेल्या मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर चालतं. त्यालाच क्लाउड म्हणतात. ते बंद पडू नये, त्यात रोज नवे बदल व्हावेत आणि तुम्हाला पत्ताही लागू नये, हे काम ती अकोल्यातल्या दोन खोल्यांत बसून एकटी करायची.

काही बिघडलं की मी ओरडायचो, कोणी केलं हे? ती शांतपणे म्हणायची, "कोणं केलं ते सोडा. कसं झालं ते पाहा." तिच्या हाताखाली पोरं घाबरली नाहीत कधी. माझ्या हाताखाली घाबरायची.

आणि एक हट्ट होता तिचा. जे काम दुसऱ्यांदा करावं लागतं, ते मशीनला शिकवायचं. "माणसाच्या भरवशावर काहून ठेवता? माणूस झोपते, आजारी पडते, लग्नाले जाते." आता तर एआय आलंय. सर्व्हर पडला की आपणच कारण शोधतं, आपणच त्याला उठवतं, आपणच कळवतं. हे सगळं तिनं बसवून दिलं होतं. त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. फार निर्धास्त होतो.

आता ती गोष्ट सांगतो.

सकाळी नऊला प्रत्येकानं ग्रुपवर लिहायचं, काय चाललंय ते. ही माझी खोड. प्रज्ञाला रोज तेच तेच लिहायचा कंटाळा. मग दोन वर्षांपूर्वी मीच एक छोटा प्रोग्राम लिहिला. सर्व्हर धड असले की नऊ वाजता तिच्या नावानं आपोआप निरोप जायचा, 'सगळं ठीक आहे. कामाला लागा.' तिला ते पटलं नव्हतं. म्हणाली, "मशीनच्या नावानं जाऊ द्या न. मी ठीक हाय का नाई, त्याले काय मालूम?" मी ऐकलं नाही. ग्रुपवर माणसाचं नाव दिसलं की पोरांना बरं वाटतं, म्हटलं. साहेब ना मी!

त्या मंगळवारी नऊला निरोप आला. ग्रुपवरच्या आम्ही बाकी सहाही जणांनी 'छान'चे अंगठे दाखवले. दुपारी एक सर्व्हर आडवा झाला, आपोआप उठला, आणि तिच्या नावानं अहवाल आला. मी खाली लिहिलं, 'शाबास.' तीन वाजता तिला काहीतरी विचारलं. उत्तर नाही. म्हटलं, रुसली असेल, सोमवारी जरा वाजलं होतं आमचं. फोन केला का मी? नाही केला. सर्व्हरनं जरा दम खाल्ला तर आमच्याकडे सगळ्यांचे फोन वाजतात. प्रज्ञासाठी एकही वाजला नाही. संध्याकाळी घरमालकीणबाईंना तिच्या दाराला सकाळची दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली. त्यांनी हाका मारल्या, मग दार तोडायला लावलं. अडतीस वर्षांची पोरगी टेबलावर डोकं ठेवून गेलेली.

मी आईंना फोन केला. म्हटलं, सकाळी नऊला तर तिचा निरोप आला होता हो. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. आपणच केलेली सोय, आपणच विसरलो होतो. रात्री अकोल्याला पोचलो, तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हृदय बंद पडलं, ह्या कालच संध्याकाळी गेल्यात. तर मी डॉक्टरांशी वाद घातला.

बुधवारी तिला इथे आणलं. अंगणात आपण सगळे उभे होतो. नऊ वाजले. आमच्या सहाही जणांच्या खिशात फोन एकदम थरथरले. 'सगळं ठीक आहे. कामाला लागा.' वर नाव प्रज्ञाचं. आणि ती समोर, पांढऱ्या कपड्यात. मी घरामागे गेलो आणि तो प्रोग्राम बंद केला.

परत आलो तर आईंनी माझा हात धरला. "नवाले बोलली होती न तुमच्याशी?" मी म्हटलं, हो.

का म्हटलं? घाबरलो. ती रात्रभर, दिवसभर एकटी पडून होती आणि आम्ही अंगठे दाखवत होतो, हे कोणत्या तोंडानं सांगू?

त्या एका 'हो'नं काय केलं, ते तुम्ही पाहताय. आई रोज सकाळी आठला लेकीला फोन करायच्या. त्या मंगळवारी पहाटेच्या गाडीनं धारणीला बहिणीकडे निघाल्या. घाटात रेंज नाही, फोन राहिला. आता जो भेटायला येतो त्याला त्या एकच सांगतात. "नवापर्यंत चांगली होती पोरगी. मी आठाले फोन केला असता तर बोलली असती, आई, छातीत दुखून राह्यलं. माह्यामुळं गेली." धड जेवत नाहीत. तुम्ही समजूत घालता, नशीब म्हणता. नशीब कसलं हो! माझं खोटं आहे ते.

परवा हे सांगायला त्यांच्या घरी आलो होतो. चहा प्यायलो, दोन बिस्किटं खाल्ली, आणि तसाच परत गेलो. असा मी शूर. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतोय. त्यांचं म्हणणं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, माझंही ऐका.

आई, इकडे पाहा. आपल्या बोलीत सांगतो. पोरगी सोमवारी संध्याकाळीच गेली होती. मंगळवारी नवाले पोरगी नाई बोलली, मशीन बोललं. तुमी आठाले फोन केला असता, तरी उचलाले कोणी नव्हतं. सोमवारी सकाळी तुमी बोलल्या होत्या न तिच्याशी? तोच शेवटचा फोन, अन् तो तुमी केला होता. तुमचा फोन राह्यला नाई, आई. आमचा राह्यला. दिवसभर राह्यला.

माह्यावर रागवा, शिव्या द्या, मले चालते. पण आज पोटभर जेवा.

मंडळी, प्रज्ञासाठी दोन मिनिटं शांत उभं राहू या. आई, तुमी बसूनच राहा. तुमच्याकडून काहीच चुकलं नाई.