दोन सोनेरी गोळे थांबवण्याबाबत

नाव ठाण्याच्या वहीत आहे. कारखान्यात ‘चष्मेवाल्या बाई’ म्हणतात. वय ४९. काम लेझर मशीन चालवणे. राहणार कारखान्यामागे, दुसरा मजला.

समक्ष हजर राहून सांगते की, मी धाकट्या दिरांच्या कारखान्यात एकोणीस वर्षे आहे. तिथे माणसाच्या खुब्यात बसवायचे टायटॅनियमचे गोळे होतात. टायटॅनियम मजबूत, पण घासले की झिजते. म्हणून नायट्रोजनच्या झोतात लेझरने त्याची वरची साल वितळवतात. ती गार झाली की सोनेरी आणि कडक होते. वर कानस फिरवली तर घसरली पाहिजे.

सोमवारी वीस गोळे झाले. गाडी दारात उभी होती. मी रंग पाहून शिक्का मारला, कानस लावली नाही. ही चूक माझी. दोन गोळे रुग्णालयात गेले. मंगळवारी गॅसची नळी चिरलेली दिसली. आत हवा शिरली तरी रंग सोनेरीच येतो, पण साल ठिसूळ होते. उरलेल्यांपैकी एकावर कानस लावली. ती रुतली, टवके निघाले.

दिरांना दाखवले. ते म्हणाले, “वहिनी, सोन्यासारखा दिसतोय की! खुब्यात कानस घालायला कोण जातंय?”

मी म्हणाले, “भाऊजी, दिसतं तसं नसतं, हे तुमच्या घरात पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला शिकवू नका.”

“मग घरीच बसा.”

बसले. येताना अठरा गोळे आणले. ते गाद्यांच्या पेटीत आहेत. याला दिरांनी चोरी म्हटले आहे. माझे यजमान म्हणाले, “दोघांचंही बरोबर आहे.” यजमान असेच बोलतात.

आज सकाळी रुग्णालयात फोन केला. कारखान्याने किंवा पोलिसांनी सांगितल्याशिवाय थांबवता येणार नाही, असे उत्तर मिळाले. शस्त्रक्रिया साडेअकराला आहे. एका बाईंचे दोन्ही खुबे आहेत. त्या कोण, मला ठाऊक नाही.

म्हणून नऊ वाजता ठाण्यात आले. अंमलदार म्हणाले, “बाई, तक्रार तुमच्यावरच आहे. आधी जबाब.” मी म्हणाले, आधी फोन. ते म्हणाले, “जबाब नसताना कशाच्या आधारावर करू?” त्यानंतर प्रिंटर अडकला.

वरील मजकूर मला वाचून ऐकवला. मी सांगितला तसाच आहे, कमीजास्त काही नाही. आता अकरा वाजून बारा मिनिटे झाली. सही केली आहे. साहेब, फोन.