एक खाली, एक वर

त्यानं मला वर काढलं? — असं म्हणाला तो? म्हणजे अजूनही तेच सांगत फिरतोय! — नाही नाही, तुम्ही बसा हो, मासे मारायची ती बंदूक राहू द्या काउंटरवर, रबर चढवायचंय अजून तिला. तर रविवारी खोल पाण्यात उतरणार तुम्ही, आणि वर लक्ष ठेवणार कोण, तर माझा धाकटा भाऊ. वा! — हसत नाहीये मी.

ही दोरी बघा आधी. मोठ्या माशाला बाण लागला की तो सुसाट खाली पळतो, बंदूक धरून बसलात तर तुम्हालाही नेईल — म्हणून बाणाची दोरी बंदुकीला नाही, पाण्यावर तरंगणाऱ्या ह्या बोयाला बांधायची. मग पळ बाबा कुठे पळायचं ते, बोया घेऊन पळ! तुम्ही निवांत वर यायचं. पण निवांत कसलं — एका श्वासावर खाली जाऊन आलेल्या माणसाचा घात होतो तो वर येतानाच, शेवटच्या चार हातांत, कधीकधी तर तोंड पाण्याबाहेर काढल्यावर शुद्ध हरपते. म्हणून एक खाली, एक वर. वरच्यानं माशाकडे बघायचंच नाही. माणूस वर आला तरी अर्धं मिनिट त्याच्या तोंडावरून नजर हलवायची नाही. हे धाकट्याला कुणी शिकवलं? मीच! पोहायलासुद्धा मीच शिकवलं, काखेत धरून.

तर त्या दिवशी माझा बाण लागला — माझ्याएवढा मासा, खोटं नाही सांगत — आणि वर येताना डोळ्यांपुढे अंधार. जाग आली ती होडीत. धाकटा उशाशी, नखशिखांत भिजलेला, ताई ताई करून रडतोय. मीच काढलं गं तुला, म्हणाला. आणि मी मानलं. तीन वर्षं मानलं! आईपुढे, गल्लीत, दुकानात येईल त्याच्यापुढे — भाऊ असावा तर असा. माझी चांगली बंदूक त्याला दिली, होडीवरची जागा दिली, कारण मला पुन्हा पाण्यात उतरायची छातीच होईना. आणि गेल्या महिन्यात आमचा होडीवाला कायमचा लेकीकडे निघाला, निरोप घ्यायला आला, तुम्ही बसलाय तिथेच बसला नि एकदम रडायलाच लागला. ताई, तुम्हाला मी काढलं, म्हणाला. धाकटा बोयामागे गेला होता. हाका मारल्या, वळला नाही. — मासा निसटेल म्हणून हो! माशासाठी! आणि नंतर त्या म्हाताऱ्याच्या पाया पडून त्याला गप्प केला.

काय? होडीवालाच खोटं बोलत असेल? — बोलला असता तर बरं झालं असतं. अहो, बेशुद्ध माणसाला धरलं की पहिल्यांदा बुडी मारायला कमरेला बांधलेला त्याचा वजनाचा पट्टा सोडून टाकायचा, मग उचलायचं. धाकट्याकडून शंभरदा घोटून घेतलंय, झोपेतही हात तिथेच जाईल त्याचा. आणि होडीत जाग आली तेव्हा पट्टा माझ्या कमरेला होता. तसाच, घट्ट. म्हणजे — म्हणजे मला काय तेव्हाच — जाऊ द्या. घाबरला असेल, विसरला असेल, अशी मनाची समजूत घातली. सख्ख्या भावावर संशय घ्यायचा तरी कसा? आणि आता तर पक्कं ठाऊक आहे, तरी दर आठवड्याला जेवायला येतो आणि मी वाढते. परवाच एकजण जाऊन आला त्याच्याबरोबर — त्याला पाण्यातला चष्मा मीच दिला. माहीत असून गप्प बसले. तो सुखरूप आला, नाहीतर कुठल्या तोंडानं...

थांबा. गाडी धाकट्याचीच आहे.

ये रे, ये. हो, तुझंच कौतुक चाललंय. — सांगा ना ह्याला, काय सांगत होते मी? — नाही रे, रबर मिनिटात चढेल, पण बंदूक देत नाहीये मी यांना. का म्हणजे? वर थांबायला कुणी नाहीये त्यांच्यासाठी, म्हणून. — माझ्याकडे काय बघतोस? कळलंय मला. सगळं कळलंय. आता निघा दोघंही, मला दुकान बंद करायचंय.