टोमण्यांची यादी

बाबा : अगं, शटर कशाला ओढतेस? भरदुपारी दुकान बंद दिसलं तर लोक म्हणतील, चष्मेवाला गेला देवाघरी.

लेक : असू दे बंद. बाबा, साहेबांच्या फोटोखाली तुम्ही लिहिलेलं आठवतंय?

बाबा : न आठवायला काय झालं! 'पूल उद्घाटनाआधीच पडला. कामाचा झपाटा असावा तर असा. साहेब, धन्य झालो!' अडीचशे जण हसले त्यावर.

लेक : हळू बोला हो.

बाबा : आणि तुमच्या ऑफिसातलं ते यंत्र! लाखभर कमेंट वाचून साहेब किती जणांना आवडतात ते सांगणारं. त्याने माझं 'धन्य झालो' स्तुतीत धरलं, तेव्हा आपण पोट धरधरून हसलो होतो.

लेक : तेव्हा धरलं. आता धरत नाही. टोमणा कसा ओळखायचा, ते मी शिकवलं त्याला. तीन महिने खपले.

बाबा : शाब्बास! लेक कुणाची!

लेक : म्हणून तर नमुने तुमचेच घेतले. परक्याच्या मनातलं मला काय ठाऊक? तुमचं मात्र डोळे मिटून सांगावं, हा टोमणा.

बाबा : बरं, मग?

लेक : साहेब बहात्तर टक्क्यांवरून एकेचाळिसावर आले. मला वाटलं, खरं कळलं की पूल तरी नीट बांधतील. वरून निरोप आला, टक्के राहू द्या, नावं पाठवा.

बाबा : नावं? कशाला?

लेक : पहिल्या यादीत तुमचा सलूनवाला होता.

बाबा : सोमवारपासून त्याचं दुकान बंद आहे. मी समजलो, गावाला गेला असेल.

लेक : त्याची बायको रोज आमच्या ऑफिसच्या फाटकाशी येऊन उभी राहते. दुसरी यादी आज पाचला जायचीय.

बाबा : पुसतो. सगळं पुसतो. फोन कुठे ठेवला मी?… हे बघ, डबीच उलटली. चाळीस वर्षांत माझ्या हातून चष्म्याच्या काडीचा एक स्क्रू कधी सांडला नाही.

लेक : पुसून काय उपयोग? नक्कल आमच्याकडे असते.

बाबा : मग तू काढ माझं नाव. निघतं ना?

लेक : निघतं.

बाबा : काढ, पोरी. देवाशपथ, पुन्हा अक्षर लिहिणार नाही… एकूण किती जण आहेत गं?

लेक : अकराशे चाळीस.

बाबा : त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघणारं असेलच की. सगळ्यांची नाही का निघत?

लेक : निघतात. मी शिकवलेलं पुसलं की यंत्र पुन्हा भोळं. टोमणे परत स्तुतीत, पाचची यादी कोरी. पण पुसणाऱ्याचं नाव नोंदलं जातं.

बाबा : म्हणजे तुझं?

लेक : वेळेसकट.

बाबा : मग नको. ऐक, राहू दे माझं नाव. म्हाताऱ्याचं काय वाकडं करणार आहेत? तू कशालाही हात लावायचा नाहीस.

लेक : बाबा…

बाबा : लावणार नाही, म्हण.

लेक : पुसूनच आलेय मी. अकरा वाजता.

(बाहेर गाडी थांबते. बाबा शटरची कडी लावतात. गाडी पुढे निघून जाते.)

बाबा : मग इकडे का आलीस, वेडे? दूर कुठेतरी निघून जायचं होतंस!

लेक : ऑफिसचा जिना उतरले आणि इकडेच वळले. पाच वाजेपर्यंत कुठे बसावं, काही सुचेना.

बाबा : ये. काउंटरच्या मागे बस. पुढे मी बसतो.