आधी पाणी प्या, मग बोलू

विश्रांतवाडीच्या बसमध्ये श्रद्धाच्या पुढच्या सीटवर मायलेक बोलत होते. तिने कानातलं गाणं बंद केलं.

“आई, आज चौकात पोलिसानं गाडी अडवली. मी जाम भडकलो, तरी तो शांत. म्हणाला, सर, आधी पाणी प्या, मग बोलू.”

“पोलिसानं पाणी दिलं?”

“भांडण वाढू द्यायचं नाही, हे कामच असतं त्यांचं.”

“उंच, पिकल्या मिशांचा?”

“तोच. तू कशी ओळखतेस?”

“टेम्पो का अडवला, एवढंच तुझ्या भावानं विचारलं, तर यानंच त्याच्या कानाखाली वाजवली.”

“दादा काहीतरी उलट बोलला असेल.”

“आज तुला अडवलं तेव्हा तुझ्या गळ्यात कंपनीचं कार्ड होतं ना?”

“असतंच की.”

श्रद्धाचा स्टॉप आला, पण ती उठली नाही.

“उद्या ते घरी ठेव. मग जा त्याच्यावर भडकायला.”