नकाशावरचा दुसरा ठिपका

(संग्रहालयातली कीटकांची खोली. काका निवृत्त झाले तरी रोज येतात. त्यांच्या टेबलाशी आता पुतणी बसते.)

पुतणी : ...तिसऱ्या वर्षीही तेच. उत्तरेच्या डोंगरावर तुम्ही शोधलेला भूतपतंग नाहीच. संध्याकाळभर गवतात बसले, डास तेवढे भेटले.

काका : मला चार मिळाले होते. डोळे उघडे ठेवावे लागतात. पेटी हळू ठेव गं.

पुतणी : मेलेले कुठे उडून जातायत? काका, त्या चारांच्या चिठ्ठ्यांवर बारा जुलै लिहिलंय.

काका : असेल.

पुतणी : आणि ही काकूची वही. बारा जुलै. ‘हे खोऱ्यातल्या तंबूत तापाने फणफणलेत. चौथा दिवस. पेजही पोटात ठरत नाही.’ तिथून डोंगर दोन दिवसांच्या वाटेवर.

काका : बघू. अक्षर तिचंच.

पुतणी : मग डोंगरावर कोण गेलं होतं?

काका : आम्ही नंतर गेलो, पंधरवड्याने. थांब... घरी आल्यावर डबे उघडले. मी अंथरुणात. तारखा तिने वहीत बघून घातल्या, ठिकाणं मी पडल्या पडल्या सांगितली. खोऱ्यात तिने भरलेला डबा डोंगरावरचा म्हणून दाखवला मी.

पुतणी : आम्हाला तर चिठ्ठी टोचल्याशिवाय पतंगाला हात लावू देत नव्हतात.

काका : तेव्हा नाही टोचल्या.

पुतणी : जात वेगळी आहे, ते तुमचं बरोबरच होतं. पंखांच्या शिरा मी पुन्हा तपासल्या. फक्त नकाशावरचा दुसरा ठिपका, डोंगरावरचा, चुकीचा.

काका : फक्त? खोरं बुडवण्याआधी धरणवाल्यांनी मला विचारलं होतं, ही जात आणखी कुठे आहे का. मी छातीठोकपणे लिहून दिलं, आहे.

पुतणी : माहीत आहे. त्या पत्रावरच परवानगी मिळाली.

काका : धरणाचे दरवाजे कधी बंद केले?

पुतणी : मागच्या महिन्यात. परवा जाऊन आले मी. गवत कुठेच दिसत नाही, सगळं पाणी.

काका : अळ्या दोन-दोन वर्षं मातीत असतात यांच्या. मुळं खात.

पुतणी : हो, काका.

काका : ती खुर्ची ओढ जरा इकडे.

पुतणी : बसा. घोटभर पाणी देऊ?

काका : पाणी नको. कागद घे. चूक माझी, म्हणून लिही. तिचं नाव त्यात कुठे येता कामा नये.

पुतणी : लिहिते. आधी पेटी कपाटात ठेवते.

काका : हळू. आता एवढेच आहेत.